कंसातलं वाक्य

या वेळचं पत्र थोडं काटछाट करून देते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

‘ताई, लग्नाला चौदा वर्षं झाली. दीड वर्ष होत आलं, माझी नोकरी गेली आणि मी ते घरी सांगितलं नाही. पाच महिने रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचो. कधी वाचनालयात, कधी बागेत बसून अर्ज करायचो आणि नेहमीच्या वेळेला घरी यायचो. पर्सनल लोन काढलं होतं, त्यातलेच पैसे दर महिन्याला पगार म्हणून आमच्या खात्यात टाकत होतो. बायकोला काळजी नको, एवढाच हेतू होता. एका दुपारी हप्ता थकल्याचा फोन तिच्या मोबाइलवर गेला आणि सगळं बाहेर आलं.

त्याला आता अकरा महिने झाले. नवी नोकरी लागूनही आठ महिने झाले. माफी किती वेळा मागितली याची गणतीच नाही. फोनचा पासवर्ड दिला, लोकेशन चालू ठेवतो, बँकेचं ॲप तिच्याही फोनवर आहे. तरी ती आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करून मला बोलावून घेते. माझे शर्ट इस्त्री करणं तिने बंद केलंय. परवा मी बूट घालत असताना आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने विचारलं, “बाबा, ऑफिसलाच ना?” ताई, मी बाई-बाटली काही केलेलं नाही. पैसा घरातच लागला. इतके महिने तिलाही काहीच कसं कळलं नाही, असंही कधी कधी मनात येतं. (एका मित्राकडून घेतलेले थोडे पैसे तेवढे तिला सांगितलेले नाहीत, पण ते मी फेडतोच आहे, उगाच जुनी जखम कशाला उकरायची.) हे अजून किती दिवस चालणार? विश्वास ठेवायचा तर ठेव, नाहीतर नको ठेवू, एकदा काय ते सांगून टाक, असं तिला म्हणू का?

– एक थकलेला नवरा’

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्याबद्दल वाईट वाटलं. दुसऱ्यांदा कंसापाशी अडखळले. अख्ख्या पत्रात कंस एकच आहे आणि पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य नेमकं त्यात आहे. त्यावर येतेच. आधी शर्टांबद्दल बोलू, कारण तुम्ही ते तक्रारींच्या यादीत जाता जाता टाकून दिलंत.

पाच महिने म्हणजे कामाचे दिवस शंभराच्या वरच झाले. त्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या रात्री तुमची बायको इस्त्रीपाशी उभी राहिली असेल. आधी कॉलर, मग बाह्या, मग एखादं सैल झालेलं बटण दिसलं की सुईदोरा शोधणं. सकाळी तो कडक शर्ट घालून तुम्ही बागेत जाऊन बसलात. ज्या दुपारी फोन आला त्या दुपारी तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, नवरा खोटं बोलत होता. आणि दुसरी, त्या शंभर रात्री ती स्वतः काय करत होती. नाटक चालू आहे हे न सांगता तुम्ही तिला नाटकातलं काम दिलंत. पोशाख तिने तयार केला. मुलगा दंगा करायला लागल्यावर ‘बाबा दमून आलेत, त्यांना त्रास देऊ नकोस’ असं तीच म्हणाली असणार. तिच्या बहिणीने विचारलं असेल तर ‘हल्ली ह्यांना ऑफिसात फार काम असतं’ असं तिनेच सांगितलं असेल. म्हणजे तुमचं खोटं तिच्या तोंडून, तिच्या मुलाला आणि तिच्या माणसांना सांगितलं गेलं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

फसवलं गेलेल्या माणसाला राग येतो हे सगळ्यांना कळतं. त्या रागाखाली लाज असते, ती पटकन दिसत नाही. ‘मी एवढी मूर्ख कशी’ हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारत असणार. तुम्ही विचारायची गरज नाही.

तोच प्रश्न तुम्ही पत्रात विचारलाय, म्हणून त्याचं उत्तर देऊन टाकते. जेनिफर फ्रेड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून याच विषयावर लिहीत आल्या आहेत. ज्या माणसावर आपण विसंबून आहोत त्यानेच दगा दिला, तर मन पुष्कळदा तो दगा बघतच नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर दिसत असूनही बघत नाही, कारण बघितलं तर पायाखालची जमीन जाईल. अनोळखी माणसाच्या बाबतीत आपण ज्या गोष्टीवर लगेच चमकलो असतो, तीच गोष्ट घरच्या माणसाच्या बाबतीत मन गुंडाळून बाजूला ठेवतं. तुमच्या बायकोला काही जाणवलंही असेल. फोनवर सहकाऱ्यांची नावं ऐकू येईनाशी झाली असतील. तुम्ही घरी येताना पूर्वीसारखे वैतागलेले नसाल. तिने ते मनाआड केलं, कारण तिने तुम्हाला आपला माणूस धरलं होतं. तुमचं खोटं पाच महिने टिकलं ते तुमच्या हुशारीवर नव्हे. तिच्या विश्वासाच्या भांडवलावर टिकलं. त्याचाच तिला आज तुम्ही दोष द्यायला निघालात, तर मग बोलणंच खुंटलं.

आता ‘बाई-बाटली केली नाही, पैसा घरातच लागला’. खरं आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण यात तुम्ही तिच्या तक्रारीऐवजी दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीला उत्तर देताय. पैसा कुठे गेला याबद्दल ती भांडतेय, असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही. ती लँडलाइनवर फोन करते, म्हणजे तिला एवढंच बघायचंय की सांगितलेल्या जागी माणूस आहे का.

झालेलं नुकसान आणि बोललेलं खोटं या दोन वेगळ्या जखमा असतात, आणि त्या भरण्याचा वेगही वेगळा असतो. मॉरिस श्वाइत्झर हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जोडीने पैशांचा एक खेळ खेळायला दिला. त्यात एकाने दुसऱ्यावर भरवसा ठेवून रक्कम त्याच्या हाती द्यायची आणि दुसऱ्याने ती वाढवून परत करायची किंवा गिळून टाकायची. ज्यांनी पैसे गिळले, पण नंतर फेरीमागून फेरी सरळ वागत राहिले, त्यांच्यावरचा विश्वास बऱ्यापैकी परत आला. ज्यांनी पैसे गिळले आणि वर खोटंही सांगितलं, त्यांच्यावरचा विश्वास पुढच्या सरळ वागण्याने वाढला खरा, पण पहिल्या जागी पोचला नाही. माफी मागून नाही, वचन देऊन नाही. आता खेळ तो खेळ, आणि खेळणारे एकमेकांना अनोळखी. चौदा वर्षांच्या संसाराला ते माप जसंच्या तसं लावता येत नाही. संसारात फेऱ्या मोजून संपत नाहीत. तरी यातलं एवढं घ्या, की नोकरी जाण्याबद्दल तुमच्या बायकोने तुम्हाला केव्हाच माफ केलं असेल. नोकरी कुणाचीही जाते. तिचं अडलंय ते पाच महिने रोज संध्याकाळी ‘कसा गेला दिवस?’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपाशी.

माफी ‘किती वेळा मागितली याची गणतीच नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं दुखणं तिथेच आहे. माफी गणतीने वाढवली की पातळ होते. रॉय लेविकी या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग पाडून ते ७५५ लोकांसमोर वेगवेगळ्या जोड्यांनी ठेवले: वाईट वाटल्याचं सांगणं, असं का घडलं ते सांगणं, चूक माझी हे कबूल करणं, पुन्हा करणार नाही म्हणणं, भरपाई देऊ करणं, आणि शेवटी क्षमा मागणं. लोकांना सगळ्यात वजनदार वाटलं ते ‘चूक माझी’. त्याच्या खालोखाल भरपाई. आणि सगळ्यात हलकं काय ठरलं असेल? ‘मला माफ कर.’ त्यांचं उदाहरण नोकरीसाठी आलेल्या एका हिशेबनिसाचं होतं, नवरा-बायकोचं नव्हे. पण माझ्याकडे येणारी पत्रं आठवली की मला हा क्रम ओळखीचा वाटतो. ‘मला माफ कर’ म्हटलं की चेंडू समोरच्याच्या अंगणात जातो. आता तिने काहीतरी द्यायचं असतं आणि नाही दिलं तर ती कठोर ठरते. अकरा महिने तुम्ही तिच्याकडे काहीतरी मागतच आला आहात, असं मी म्हटलं तर रागावू नका.

आणि ‘तिला काळजी नको म्हणून’ हे वाक्य एकदा तपासून बघा. मला ते अर्धंच पटतं. पहिल्या आठवड्यात काळजी असेल. पुढचे साडेचार महिने तुम्ही तिचं तोंड चुकवत होता, कारण नोकरी गेलेला नवरा म्हणून तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. ही लाज समजण्यासारखी आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्ही त्या लाजेला ‘काळजी’ हे नाव देत राहिलात तर खोट्याचं कारण तुमची बायकोच होऊन बसते: तू काळजी करतेस, म्हणून मला लपवावं लागलं. ‘मला लाज वाटत होती’ हे चार शब्द तुम्ही तिच्याशी अजून बोलला नसाल, असा माझा अंदाज. चुकला तर बरंच.

आता कंस.

‘मित्राकडून घेतलेले थोडे पैसे तेवढे तिला सांगितलेले नाहीत.’

अहो, मग अकरा महिने कसले मोजताय? तुमचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. तिला वाटतंय सगळं बाहेर आलं, आणि तरीही तिचं मन म्हणतंय की कुठेतरी काहीतरी राहिलंय. ती लँडलाइनवर फोन करते, तुम्ही ऑफिसात सापडता, तिला घटकाभर बरं वाटतं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. तुम्हाला हा तिचा अतिरेक वाटतो. पण दारामागे काहीतरी आहे हा तिचा वास बरोबर आहे, चुकलंय ते फक्त दार. तुम्ही मात्र तिला रोज सांगताय की तुझं नाक बिघडलंय. शंभर रात्री शर्टाला इस्त्री केलेल्या बाईला आपल्या अंदाजावर भरवसा ठेवायला पुन्हा शिकायचंय, आणि तुम्ही ते तिला शिकू देत नाही आहात.

कर्ज हप्त्यांनी फेडता येतं, खरं हप्त्यांनी सांगता येत नाही. सुरुवातीला कळलेल्या मोठ्या गोष्टीतून सावरलेले लोक, आठ-दहा महिन्यांनी कळलेल्या एखाद्या किरकोळ गोष्टीने कोसळतात. अशी पत्रं मी इतकी वाचलीत की लिफाफा फोडण्याआधीच ओळखू यावीत. ‘ते प्रकरण मी पचवलं होतं हो, पण हे त्याने अजून लपवलं होतं.’ रक्कम किती, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. दुसऱ्या खेपेला मोडतं ते मधल्या काळातलं सगळं: ज्या ज्या वेळी ‘आता अजून काही राहिलं नाही ना?’ असं तिने विचारलं, आणि तुम्ही तिच्या डोळ्यात बघून ‘नाही’ म्हणालात, त्या सगळ्या वेळा. तिने तसं विचारलंय ना? विचारलंच असणार.

माझा स्वतःचा एक किस्सा सांगते, फार अभिमानाचा नाही. माझ्या धाकट्या बहिणीने एक गोष्ट मला विश्वासाने सांगितली होती आणि ती मी एका नातेवाइकाजवळ बोलून गेले. ते बहिणीला कळलं. मी कबूल केलं, रडले वगैरे सगळं झालं. फक्त आणखी एका व्यक्तीजवळही बोलले होते, ते गिळलं. म्हटलं, ती काही सांगायची नाही, कशाला वाढवा. चार महिन्यांनी तेही बाहेर आलं. त्यानंतर दोन वर्षं माझी बहीण माझ्याशी अतिशय गोड बोलत होती. पाऊस, प्रकृती, मुलांच्या परीक्षा. मतभेद नाही, भांडण नाही, आतलं एक अक्षर नाही. त्या गोड बोलण्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणून तुम्हाला सांगते: तुमची बायको अजून लँडलाइनवर फोन करतेय. जिने आशा सोडली ती खात्री कशाला करून घेईल?

तेव्हा, मित्राच्या पैशाचं सांगायचं. ती ते कुठून तरी शोधून काढण्याच्या आत, तुमच्या तोंडून.

कसं सांगायचं हा प्रश्न मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुलगा घरात नसेल आणि तिला लगेच कुठे जायचं नसेल अशी वेळ बघा. झोपायच्या आधीची नको, नाहीतर ती रात्रभर छताकडे बघत पडेल. भांडण चालू असताना तर नकोच. आधी एका कागदावर सगळं लिहून काढा: कुणाकडून घेतले, कधी, किती, किती फेडले, किती राहिले, हे आणखी कुणाला ठाऊक आहे. ‘थोडे पैसे’ हा शब्दप्रयोग त्या कागदावर चालणार नाही, आकडा लागेल. लिहिता लिहिता आणखी एखादी गोष्ट आठवली, कुठे सोनं गहाण, कुठे उधारी, कुणाला मारलेली थाप, तर तीही त्याच कागदावर. परत कंस उरता कामा नये.

मग तिला सांगा. जवळपास असं: ‘एक गोष्ट मी तुझ्यापासून अजून लपवून ठेवली होती. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणालो, ते खोटं होतं. अमक्याकडून इतके घेतले, इतके राहिलेत. तुला वाटत होतं ना की काहीतरी राहिलंय, ते बरोबर होतं. मला लाज वाटत होती म्हणून सांगितलं नाही.’ एवढंच. यात ‘पण’ घालू नका. ‘आता सगळं सांगून टाकलं, आता तरी’ हे तर चुकूनही नको. ‘तुला जे वाटत होतं ते बरोबर होतं’ हे मात्र गाळू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अकरा महिने तिला नेमकं तेच ऐकायचं होतं.

त्यानंतर काय होईल, ते मी सांगू शकत नाही. ती ओरडेल, किंवा बोलणं टाकेल, किंवा काही दिवस माहेरी जाईल. हे अकरा महिने वाया गेले असं तुम्हाला वाटेल. तिने ‘मला विचार करायला वेळ हवा’ म्हटलं तर किती वेळ, असं विचारू नका. तिने शेवटी ‘मला आता नाही जमणार’ असं ठरवलं, तर तेही तिला ठरवता येतं. खरं सांगण्याच्या बदल्यात संसार टिकेल, असा काही करार नसतो. असा करार मनात धरून सांगितलेलं खरं समोरच्याला लगेच ओळखू येतं.

ती थांबली तर पुढची गोष्ट लोकेशनची. पासवर्ड, लोकेशन, बँकेचं ॲप हे सगळं तुम्ही दिलंत ते चांगलं केलंत, काढून घेऊ नका. पण त्यातून काय झालं बघा: तपास करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. घर, मुलगा, तिचे स्वतःचे व्याप, आणि वर आता नवऱ्यावर पहारा. तो पहारा तिने हौसेने धरलेला नाही. शिवाय फोनवरचा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो, तुमच्या मनात काय आहे ते नाही. बागेत बसला होता तेव्हाही ठिपका असता तर तुम्ही फोन कुठेतरी ठेवूनच गेला असता.

विचारल्यावर दिलेलं उत्तर आणि न विचारता सांगितलेली गोष्ट, यांच्या वजनात फार फरक असतो. तिने विचारायच्या आत सांगायची सवय लावा, आणि त्यात वाईट बातम्या जास्त असू द्या. ‘आज साहेबांनी चारचौघांत झापलं.’ ‘प्रोजेक्ट हातचा जाईल असं वाटतंय.’ ‘या महिन्यात कार्डाचं बिल जास्त येणार आहे, माझ्यामुळे.’ चांगल्या बातम्या सगळेच सांगतात, तुम्हीही त्या पाच महिन्यांत सांगत होता. तिला आता हे बघायचंय की तुमच्यावर वाईट वेळ आली की तुम्ही घराकडे वळता की बागेकडे. नशिबाने आयुष्य अशा लहानसहान वाईट गोष्टी भरपूर पुरवतं. त्यातली एकही वाया घालवू नका. हे रोज करायचं म्हणजे तासभर बसून कबुलीजबाब द्यायचा असं नाही हां. तसं केलंत तर चार दिवसांत तीच कंटाळेल. बूट काढता काढता दोन वाक्यं पुरतात.

लँडलाइनच्या फोनाचं तुम्हाला ओशाळं वाटत असणार, ऑपरेटर हसतही असेल. तिचा फोन आला की चिडक्या आवाजात ‘आहे, आहे’ म्हणू नका. ‘बरं केलंस फोन केलास’ म्हणा आणि एखाद मिनिट बोला. आणि एखाद्या दिवशी तिच्या आधी तुम्हीच त्या लँडलाइनवरून तिला फोन करा, काही काम नसताना.

याला मर्यादा नाही का? आहे. मागचं सगळं बाहेर आलं, तुम्ही वर्ष-दीड वर्ष सरळ वागलात, आणि तरी तपासणी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली, मुलासमोर पाणउतारा व्हायला लागला, प्रत्येक वादात हेच हत्यार निघायला लागलं, तर ते दोघांच्याही हाताबाहेरचं आहे असं समजा आणि विवाह समुपदेशकाकडे जा. जमलं तर आताच जा. समुपदेशकासमोर हे सांगणं काही जोडप्यांना सोपं जातं. तुम्हालाही त्रास व्हायचा, थकायचा हक्क आहे, आणि तो तिला सांगायलाही हरकत नाही: ‘फोन आला की मला वाईट वाटतं, पण तू का करतेस ते मला कळतं.’ दोन्ही अर्धी एका श्वासात. तुमच्या ‘ठेवायचा तर ठेव, नाहीतर नको ठेवू’ मध्ये मात्र हुकूम आहे. विश्वास काही दिव्याचं बटण नाही. तिने उद्या ‘ठेवला’ म्हटलं तरी रात्री अडीच वाजता तिला जाग येणार ती येणारच. सांगू नका असं.

मुलाचं राहिलं. ‘बाबा, ऑफिसलाच ना?’ हा प्रश्न विचारायला तेरा वर्षांच्या पोराला किती बळ गोळा करावं लागलं असेल. त्याने तो चेष्टेत विचारला असेल, तर जास्तच. तुम्ही काय उत्तर दिलंत ते लिहिलं नाहीत. ‘हो रे, काय वेड्यासारखं विचारतोस’ असं म्हणाला असाल, तर एकदा त्याला बाजूला घेऊन सांगा की तुझा प्रश्न वेडा नव्हता. मी पाच महिने खोटं बोललो, तुझ्याशीसुद्धा. कर्जाचे आकडे त्याला नकोत, आईची बाजू-बाबाची बाजू नको. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आया आणि तान्ह्या बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा त्यांना दिसलं की चांगल्या, निरोगी जोड्यांतसुद्धा आई आणि बाळाचे सूर जेमतेम ३० टक्के वेळच जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं यातच जातो, आणि त्या पुन्हा जुळवण्यातूनच बाळाला आईचा भरवसा वाटायला लागतो. तुमचं बाळ आता मिसरूड फुटायच्या वयात आलंय, पण चुकल्यावर परत येणारा बाप त्याने बघितलेला नाही. पुन्हा त्याने विचारलं तर ‘हो, ऑफिसलाच, साडेसहाला येतो’ एवढं म्हणा आणि साडेसहाला या. उशीर होणार असेल तर सहाला त्याला फोन करा, आईला नव्हे, त्याला.

शर्टांची इस्त्री तुम्ही शिकून घ्या. ती तिने पुन्हा कधी करावी की करू नये, हे विचारायला जाऊ नका.

आणि तिला सांगाल त्याच दिवशी, पण तिला सांगून झाल्यावर, त्या मित्राला फोन करा. तोही इतके दिवस तुमच्या घरी आला की बोलताना जपून बोलत असणार. त्याला म्हणा, तिला सगळं सांगितलंय, तिने तुला काही विचारलं तर जे आहे ते सांग, मला विचारायची गरज नाही.